पोलिसांच्या हातून कोणती कामं काढून घ्यावीत? अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांचा प्रश्न

रानजाई (धागालेखिका)

२०२० च्या उन्हाळ्यात, मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या हातून मेल्यावर उठलेली 'डीफंड द पोलीस' (पोलिसांचा निधी कापा) ही घोषणा ऐकल्यावर आपल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच सूर होता: म्हणजे यांना चोर मोकाट सोडायचेत का? घोषणा देणाऱ्यांचं म्हणणं नक्की काय आहे, हे त्या गदारोळात फारसं कुणी ऐकून घेतलं नाही. मी पिट्सबर्गला राहते. मला ते म्हणणं उमगलं ते इथल्याच एका जुन्या हकिगतीतून, म्हणून आधी ती सांगते.

१९६० च्या दशकात या शहरात कुणाला हार्ट अटॅक आला, कुणी जिन्यावरून पडलं, तर फोन जायचा पोलिसांना. कैदी न्यायची गाडी यायची. रुग्णाला मागे आडवं करायचं, दोन्ही पोलीस पुढे बसायचे आणि गाडी सुटायची. मागे त्या माणसाजवळ कुणी नाही, ऑक्सिजन नाही, काही नाही. अमेरिकेत इतर अनेक गावांत तर हे काम अंत्यविधी करणारे लोक आपल्या शववाहिकेतून करायचे. (माणूस वाटेत गेला तरी गिऱ्हाईक त्यांचंच!)

हिल डिस्ट्रिक्ट ही इथली जुनी काळी वस्ती. १९५० च्या दशकात शहराने तिचा खालचा भाग पाडून तिथे मोठं क्रीडागृह बांधलं, सुमारे ८,००० माणसं उठवली. तिथून फोन केला तर पोलीस उशिरा येत, कधी येतच नसत. आणि आले तर आजाऱ्याला नेतील की पोराला पकडतील याचा भरवसा नाही, त्यामुळे लोकही फोन करायला कचरत.

१९६६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भाषण करता करता कोसळले. त्यांनाही नेलं ते पोलिसांच्याच गाडीतून. श्वास बंद, मेंदूला इजा, वाचले नाहीत. म्हणजे व्यवस्था गोऱ्या गव्हर्नरलाही वाचवू शकत नव्हती. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत होते डॉ. पीटर सफार, आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो त्याच्या जनकांपैकी एक. त्याच वर्षी त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. गाडीतच उपचार सुरू झाले पाहिजेत, हा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला.

हिलमध्ये फ्रीडम हाऊस नावाची संस्था होती. तरुणांना काम मिळावं म्हणून ती ट्रकमधून घरोघर भाजी पोचवायची. सफार, फिल हॅलन नावाचे एका धर्मादाय निधीचे प्रमुख आणि ही संस्था एकत्र आले, आणि १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस ॲम्ब्युलन्स सेवेची घडी बसली. भरती कुणाची? हिलमधल्या बेकार पोरांची. काही व्हिएतनामहून परतलेले, काही शाळा अर्धवट सोडलेले. शहर ज्यांना 'कामाला न लागणारे' म्हणत होतं त्यांना शरीरशास्त्र, प्रथमोपचार, नळी घालून श्वास देणं, सगळं शिकवलं. पहिल्याच वर्षी त्यांनी पाच हजारांहून जास्त कॉल घेतले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या, आणि या पोरांबरोबर काम करताना त्यांनी जे बसवलं त्यावर देशभरातल्या पॅरामेडिकांचा (ॲम्ब्युलन्समध्येच उपचार करणाऱ्यांचा) अभ्यासक्रम उभा राहिला.

शेवट मात्र कडू आहे. १९७५ मध्ये शहराने स्वतःची ॲम्ब्युलन्स सेवा काढली, फ्रीडम हाऊस बंद केलं. तिथल्या अनुभवी लोकांना नव्या सेवेत घेतलं खरं, पण हळूहळू बाजूला सारलं. काहींना तर आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलं.

हे सगळं एवढ्या तपशिलाने सांगायचं कारण असं, की आज कुणीही म्हणणार नाही की हार्ट अटॅकला पोलीस पाठवा. एकेकाळी ते पोलिसांचंच काम होतं. एका काळ्या वस्तीने ते त्यांच्या हातून घेतलं आणि जास्त चांगलं करून दाखवलं. आजचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते पुढचा प्रश्न विचारतात: दुसरं कुणी नाही म्हणून पोलिसांच्या गळ्यात पडलेली अशी आणखी किती कामं आहेत? मानसिक झटका आलेला माणूस, बाकावर झोपलेला बेघर, वर्गात दंगा करणारं पोर, गाडीचा फुटलेला दिवा. या प्रत्येक ठिकाणी कमरेला बंदूक लावलेला माणूस का पाठवायचा?

इतिहासात फार खोल जात नाही. साउथ कॅरोलायनात पळालेल्या गुलामांना धरायला गस्तीपथकं १७०४ पासून होती, आणि यादवी युद्धानंतर 'उनाडपणा'च्या कायद्यांनी मोकळ्या झालेल्या लोकांना पुन्हा पकडून मजुरीला जुंपलं. त्यामुळे वर्दीकडे बघण्याची नजर पिढ्यान्‌पिढ्या वेगळी आहे, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुम्हाला काय वाटतं?

खडूस_जोशी

हकीगत सुरेख, माहीत नव्हती. निष्कर्ष मात्र पटला नाही. ॲम्ब्युलन्स काढून घेणं वेगळं आणि पोलीस खातंच मोडीत काढा म्हणणं वेगळं. मरियम काबा या कार्यकर्तीने जून २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वच्छ लिहिलं होतं, की होय, आम्हाला शब्दशः पोलीस नष्टच करायचे आहेत. तेव्हा 'त्यांचं म्हणणं तसं नव्हतंच' ही सारवासारव नको.

आणि त्याच वर्षी अमेरिकेत खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, एफबीआयचाच विदा आहे. मेले कोण? निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीयच. एसी खोलीत बसून क्रांती करणाऱ्यांचं काय जातंय?

चकली_नाही_कडबोळी

वाचतेय. जोशीबुवा आले म्हणजे धागा शंभरी गाठणार :)

एडिसनकर

@खडूस_जोशी, खून वाढले हे खरं. पण ते पोलिसांचे पैसे कापलेल्या शहरांतही वाढले आणि न कापलेल्या शहरांतही. मुळात पैसे कापले कुणी? ऑस्टिनने मोठा गाजावाजा करून कापले आणि पुढच्याच वर्षी परत दिले, कारण टेक्सास राज्याने तसा कायदाच केला. बऱ्याच शहरांत नुसती घोषणा झाली, अंदाजपत्रक जागच्या जागी राहिलं.

काबांबद्दल तुम्ही बरोबर आहात. त्या, अँजेला डेव्हिस, रूथ विल्सन गिल्मोर हे लोक तुरुंग आणि पोलीस दोन्ही शेवटी नकोत असंच म्हणतात. ते लपवायचं कारण नाही. पण 'कृष्णवर्णीय कार्यकर्ते' म्हणजे तेवढेच नव्हेत. आमच्या शेजारच्या, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचं उदाहरण घ्या.

१९६७ च्या जुलैत तिथे एका काळ्या टॅक्सी ड्रायव्हरला पोलिसांनी पकडून मारलं, त्यावरून शहर पेटलं आणि २६ माणसं मेली. कवी अमिरी बराका यांना त्या दिवसांत पोलिसांनी डोकं फुटेपर्यंत मारलं होतं. आज त्याच शहराचे महापौर आहेत त्यांचे चिरंजीव रास बराका. या माणसाने 'पोलीस बंद करा'चा मक्ता घ्यावा असं वाटेल ना? २०२० मध्ये तेच म्हणाले, की ही खाऊनपिऊन सुखी उदारमतवाद्यांची कल्पना आहे. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी सुरक्षेच्या अंदाजपत्रकातला ५ टक्के पैसा काढून हिंसा रोखण्याच्या वेगळ्या कार्यालयाला दिला.

त्याआधीच, २०१४ मध्ये, तिथे न्यूअर्क कम्युनिटी स्ट्रीट टीम सुरू झाली होती. उभी करणारे अकील शेरिल्स हे मूळचे लॉस एंजेलिसमधल्या वॉट्सचे. १९९२ मध्ये तिथल्या क्रिप्स आणि ब्लड्स या टोळ्यांमध्ये तह झाला, त्यात त्यांचा वाटा होता. टीममध्ये माणसं कोण, तर त्याच गल्लीत वाढलेली. काही तर स्वतः तुरुंगात जाऊन आलेली. कुणाची कुणाशी खुन्नस आहे, काल कुणाच्या भावाला गोळी लागली आणि आज कोण सूड घ्यायला निघालाय, हे त्यांना चौकीच्या आधी कळतं. मग ते त्या पोराला जाऊन भेटतात, घरी बसवतात, त्याच्या आईला बोलावतात. शाळा सुटायच्या वेळी चौकाचौकात उभे राहतात. ठरावीक दिवसांनी एक बैठक होते, त्यात रहिवासी, टीम आणि पोलीस एका टेबलाशी बसतात आणि लोक पोलीस अधिकाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारतात.

२०१३ मध्ये न्यूअर्कमध्ये शंभरावर खून झाले होते, २०२४ मध्ये चाळिसाच्या आत. श्रेय एकट्या टीमचं नाही. २०१४ च्या अहवालात केंद्राच्या न्याय विभागाने सांगितलं होतं, की पोलिसांनी रस्त्यात माणसं थांबवल्याच्या सुमारे ७५ टक्के नोंदींमध्ये थांबवण्याचं धड कायदेशीर कारणच लिहिलेलं नाही. त्यानंतर कोर्टाच्या देखरेखीखाली खात्याला सुधारावं लागलं. दोन्ही गोष्टी बरोबर झाल्या. कुणामुळे किती, हे सोडवून सांगणं कठीण आहे.

पाटलांचा_नातू

घरात तीन पिढ्या वर्दीतल्या, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. नवरा बायकोला मारतोय असा फोन आला, तर समुपदेशक पाठवणार का? पोलिसाला सर्वात अवघड कॉल तोच वाटतो. आत कोण आहे, हातात काय आहे, कळत नाही. आणि अमेरिकेत तर घरटी बंदूक. बिनहत्याराचा माणूस दारात उभा करणं म्हणजे त्याला मरायला पाठवणं.

रानजाई

@पाटलांचा_नातू, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि बहुतेक शहरांनी तो मानलेलाही आहे. डेन्व्हरची 'स्टार' व्हॅन पाहा. जून २०२० ला सुरू झाली. व्हॅनमध्ये एक मानसिक आरोग्यवाला आणि एक पॅरामेडिक. हत्यार किंवा मारहाण असलेला कॉल त्यांच्याकडे जातच नाही, त्याला पोलीसच जातात. ओरडणारा, नशेत पडलेला, हरवल्यासारखा फिरणारा माणूस यांच्याकडे. २०२२ मध्ये त्यावर अभ्यास आला: ज्या भागांत व्हॅन फिरली तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या, आणि गंभीर गुन्हे वाढले नाहीत.

या प्रकारातलं सगळ्यात जुनं नाव म्हणजे ऑरेगॉनमधल्या युजीनचं 'कहूट्स', १९८९ पासूनचं. (युजीन जवळजवळ गोऱ्यांचं गाव. तिथे कल्पना चालली तर प्रयोग म्हणतात, काळ्यांनी मागितली की अराजक!) २०१९ मध्ये सुमारे २४,००० कॉलांपैकी ३११ वेळा त्यांनी पोलिसांची कुमक मागवली.

खडूस_जोशी

आणि ते कहूट्स युजीनमध्ये एप्रिल २०२५ ला बंद पडलं, हे सांगायचं राहिलं वाटतं.

रानजाई

पडलं, पैशांअभावी. काम वाईट होतं म्हणून नाही.

भीमाकाठ

उत्तम धागा. ब्लॅक पँथरांचा, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या त्या पक्षाचा, उल्लेख अजून कसा आला नाही याचं नवल वाटलं.

ऑक्टोबर १९६६, ओकलंड. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला, तेव्हाचं पहिलं मोठं काम म्हणजे पोलिसांवरच गस्त. पोलिसाने काळ्या माणसाची गाडी अडवली की पँथर कायद्याने ठरलेलं अंतर राखून उभे राहायचे. खांद्याला भरलेली बंदूक, हातात कायद्याचं पुस्तक. तिथल्या कायद्यात ते बसत होतं. मग तो कायदाच बदलला: १९६७ चा मलफर्ड कायदा, सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. अमेरिकेत बंदुकीवर बंधन आणायची उजव्यांना घाई झाली ती अशी.

लोकांच्या ध्यानात बंदूकच राहते. पण जानेवारी १९६९ पासून ओकलंडच्या एका चर्चमध्ये ते शाळकरी पोरांना मोफत नाश्ता देत होते. १९७० च्या दशकात ओकलंडमध्येच त्यांनी म्हाताऱ्या माणसांना बँकेत सोबत नेण्या-आणण्याची योजना चालवली, कारण पेन्शनचा चेक वटवून येताना त्यांना लुटत. लुटणारेही वस्तीतलेच असत, आणि पँथर त्याबद्दल डोळेझाक करत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये तर त्यांनी स्वतःची मोफत ॲम्ब्युलन्स चालवली. रानजाई, तुमच्या फ्रीडम हाऊसची ती सख्खी भावंडं.

आता आपल्याकडचं. १९७२ ला मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली ती हे नाव डोळ्यांसमोर ठेवून. वरळीच्या १९७४ च्या दंगलीत पोलिसांनी कुणाची बाजू घेतली, हे बीडीडी चाळीतल्या जुन्या माणसांना विचारा. पण एक फरक मला नेहमी जाणवतो. आमच्याकडची मागणी 'पोलीस नकोत' अशी कधीच नव्हती. गुन्हा नोंदवून घ्या, ॲट्रॉसिटीचं कलम लावा, आरोपीला अटक करा, पंचनामा नीट करा, अशी होती आणि आहे. खेड्यात वस्तीवर हल्ला होतो तेव्हा पोलीस आलेच नाहीत ही तक्रार असते. त्यामुळे अमेरिकेतली भाषा जशीच्या तशी उचलून इथे कुणी बोलायला लागलं की मी सावध होतो.

मिनसोटाची_मावशी

भीमाकाठ, तुम्ही म्हणता ती तक्रार इथेही आहे हो. दोन्ही तक्रारी एकाच घरात असतात.

मी मिनियापोलिसमध्ये बरीच वर्षं आहे. २५ मे २०२० ला अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलीस नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा टेकवून बसला होता. निमित्त काय, तर वीस डॉलरची नोट खोटी असल्याचा संशय. दुकानातून फोन गेला, आणि त्या फोनचं उत्तर असं आलं. शहराने कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर दिले. ते पैसे आमच्या करातले. पोलिसाच्या खिशातून एक दमडी नाही.

जून महिन्यात पावडरहॉर्न पार्कमध्ये १३ पैकी ९ नगरसेवकांनी व्यासपीठावरून शपथ घेतली, की हे खातं आम्ही मोडून काढू. आणि नोव्हेंबर २०२१ ला प्रश्न मतपत्रिकेवर आला: पोलीस खात्याऐवजी सार्वजनिक सुरक्षा विभाग आणावा का? सुमारे ५६ टक्के लोक 'नाही' म्हणाले. नॉर्थ मिनियापोलिसमध्ये काळी वस्ती जास्त, तिथल्या वॉर्डांतही 'नाही'च जिंकलं. त्याच भागातले काही कृष्णवर्णीय रहिवासी तर कोर्टात गेले होते, की सनदेप्रमाणे शहराने जितके पोलीस ठेवायला हवेत तितके ठेवलेलेच नाहीत. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आकडा ठरला ७३१.

कारण साधं आहे. रात्री ज्यांच्या खिडकीतून गोळी आत येते ते 'पोलीस नकोत' कसं म्हणतील? त्यांना पोलीस हवेत, पण मुलाची मान दाबणारे नकोत. २०२० च्या गॅलप पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीयांनी सांगितलं, की आमच्या भागात पोलीस आहेत तितकेच असावेत किंवा जास्त असावेत. शपथ घेणाऱ्या नगरसेवकांनी आधी हे विचारायला हवं होतं, असं माझं मत.

मात्र मतदान हरल्यावर पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२१ ला, शहरात मानसिक संकटाच्या कॉलसाठी बिनहत्याराच्या टीमा सुरू झाल्या. ९११ (इथला आणीबाणीचा नंबर) लावून तुम्ही त्या मागू शकता. त्याचा बोभाटा कुणी केला नाही, म्हणूनच बहुधा टिकल्या.

चकली_नाही_कडबोळी

मावशी, टाळ्या. ८१ टक्के हा आकडा मला नवीन.

खडूस_जोशी

मावशींशी शंभर टक्के सहमत. मग उपाय सोपा आहे. काळे पोलीस भरती करा, प्रशिक्षण द्या, संपलं.

एडिसनकर

इतकं सोपं असतं तर जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिस शहरात जे घडलं ते घडलं नसतं. टायर निकोल्स या कृष्णवर्णीय तरुणाला ज्या पाच पोलिसांनी मरेस्तोवर मारलं ते पाचही कृष्णवर्णीय होते. पोलीस प्रमुख कृष्णवर्णीय महिला. ते 'स्कॉर्पियन' नावाच्या खास पथकातले होते. अशा पथकांना रस्त्यावर गाड्या अडव, माणसं अडव, आकडे दाखव हेच शिकवलेलं असतं. माणूस बदलला आणि काम तेच ठेवलं तर फार काही बदलत नाही.

आता तुमच्या बाजूचं एक उदाहरण देतो, रागावू नका. कॅम्डन, न्यू जर्सी. २०१३ ला शहराने अख्खं पोलीस खातं बरखास्त केलं. 'डीफंड'वाले हे उदाहरण फार देतात. पण झालं काय, तर जिल्ह्याने नवीन खातं काढलं आणि रस्त्यावरचे पोलीस वाढवले. पोलिसांच्या युनियनशी असलेला जुना करार मोडणं हा मोठा हेतू. पुढे बळाच्या वापराचे नियम कडक केले, खून कमी झाले. दोन्ही बाजूंना त्यातलं अर्धं अर्धंच सोयीचं वाटतं.

टेकडीवरचा_वाटसरू

आपल्या लोकांसाठी एक लिहितो. हा विषय 'त्यांचा' आहे, आपला नाही, असं समजू नका. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. एक ५७ वर्षांचे गुजराती गृहस्थ नातवाला सांभाळायला नुकतेच भारतातून आले होते. सकाळी सोसायटीत फेरी मारत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, की एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले, यांना इंग्रजी येईना. एकाने हात मागे धरून जमिनीवर आपटलं. मानेला इजा, अंगाला अंशतः लकवा. त्या पोलिसावर केंद्राच्या कोर्टात दोनदा खटला चालला, दोन्हीदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी मुक्त केलं. शहराने २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर 'सस्पिशस पर्सन' म्हणून फोटो टाकणारे आपणच असतो. फोन उचलायच्या आधी तो माणूस नक्की काय करतोय ते बघा. आईबाबा सहा महिने येऊन राहतात ना तुमच्याकडे?

पाटलांचा_नातू

हे वाचून वाईट वाटलं. पण चूक फोन करणाऱ्याची की आपटणाऱ्याची?

टेकडीवरचा_वाटसरू

दोघांची. आणि मधल्याचीही, म्हणजे फोन घेणाऱ्याची. 'काय गुन्हा करतोय तो?' एवढं विचारून काहीच नाही असं उत्तर आलं तर गाडी कशाला पाठवायची? ९११ चा पहिला फोन १९६८ मध्ये याच अलाबामात, हेलीव्हिलमध्ये वाजला. तेव्हापासून नंबर एकच, आणि त्यापुढे बहुतेक गावांत पर्याय तीनच: पोलीस, आग, ॲम्ब्युलन्स. मानसिक संकटासाठी ९८८ हा नंबर यायला २०२२ उजाडलं.

भीमाकाठ

आणि ॲम्ब्युलन्स हा तिसरा पर्यायसुद्धा आयता आला नाही, हे रानजाईंनी वर सांगितलंच आहे.

खडूस_जोशी

ठीक आहे. व्हॅन, टीम, शाळेबाहेर उभे राहणारे लोक, याला माझा विरोध नाही. पण मला कुणी सांगेल का, यांचे पगार कोण देणार? पोलीस खातं दर वर्षी अंदाजपत्रकात असतंच. या टीमा अनुदानावर चालतात, अनुदान गेलं की घरी.

एडिसनकर

जोशीबुवा, पहिल्यांदाच नेमक्या जागी बोट ठेवलंत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने हिंसा रोखणाऱ्या अशा संस्थांची बरीच अनुदानं मुदतीच्या मध्येच रद्द केली. ज्या पोराने तीन वर्षं टोळीपासून लांब राहून इतरांना लांब ठेवलं, त्याला शुक्रवारी सांगायचं की सोमवारपासून येऊ नकोस. म्हणूनच न्यूअर्कने स्वतःच्या अंदाजपत्रकातून तो ५ टक्क्यांचा वाटा काढला, तो मला सगळ्या घोषणांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तोही पुढच्या महापौराने ठेवला तर.

खडूस_जोशी

म्हणजे मुद्दा पोलिसांचे पैसे कापायचा नसून यांचे पैसे पक्के करायचा आहे. मग घोषणाही तीच द्यायची ना!

मिनसोटाची_मावशी

अहो, तीच दिली असती तर तुम्ही हा धागा उघडला असतात का?

रानजाई

:) पुढच्या आठवड्यात हिल डिस्ट्रिक्टमध्ये जाणार आहे, जुन्या फ्रीडम हाऊसवाल्यांपैकी कुणी बोलायला तयार झालं तर त्यांच्या परवानगीने इथे लिहीन. भीमाकाठ, विन्स्टन-सेलमच्या ॲम्ब्युलन्सबद्दल आणखी काही असेल तर वेगळा धागा काढा, इथे दडून जाईल.